बूड असलेली टोपली

भिकनआप्पा. हे नाव आधी लिहितो, कारण माझ्या नावापुढे लागलेल्या बी.ए. या अक्षरांत माझा वाटा किती आणि त्यांचा किती, याचा विचार करायला बसलो की माझ्याकडे फारसं काही उरत नाही. ते माझे सख्खे काका नव्हेत. आमच्या गावचे, वडिलांच्या बरोबरीचे, आणि ऐन तरुणपणी सुरतेला जाऊन पॉवरलूमवर लागलेले. त्यांना वाचता येत नव्हतं. मशीनच्या खडखडाटात सगळं आयुष्य गेल्यामुळे ऐकूही कमी यायचं. त्यांनी मला इंग्रजी वाचायला शिकवलं असं मी म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की हा गुरुजी उगाच नम्रपणा करतोय. तसं नाही. खरंच तसं झालं.

परवा एका शेताच्या बांधावर हुरडा भाजत होते. गोवऱ्यांचा धूर, हिरव्या कणसांचा कोवळा गोडसर वास. शेतमालकाने गरम दाणे तळहातावर चोळून माझ्या हातात दिले आणि मी एकदम सुरतेत गेलो. तिथे यालाच पोंक म्हणतात. थंडी पडली की तापीच्या काठाला पोंकाच्या गाड्या लागतात, सोबत लिंबू-मिऱ्यांची शेव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हा खानदेशी माणसांना हसू आवरेना. जी ज्वारी आम्ही गावाकडे बांधावर बसून फुकट खाल्ली, ती इथे वजन करून, पुड्यात बांधून विकत होते. सुकदेव, आमच्या खोलीतला रातपाळीचा तरुण, म्हणाला होता, गावात हिला कुणी विचारत नाही, इथं आली आणि शेठाणी झाली. आणि वर म्हणाला होता, आपलंच उलटं झालं.

तो हिवाळा. नव्वदच्या दशकातला. प्लेगच्या साथीच्या भीतीने आदल्या वर्षी सगळी सुरत रिकामी झाली होती, माणसं मिळेल त्या गाडीने खानदेशात पळाली होती, आणि मग एकेक करून परत आली होती. परतल्यावर शहर ओळखू येईना. गल्ल्या झाडलेल्या, गटारं वाहती, वाढीव बांधकामं पाडून रस्ते रुंद केलेले. लिंबायतच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशीच एक पडवी पाडली गेली आणि तिच्या जागी उघडी जमीन आणि एक उंच कोरी भिंत उरली. पोरांना ती भिंत चेंडू आपटायला मिळाली, बायांना वाळवणाला. तिचं खरं काम अजून ठरायचं होतं.

मी त्या गल्लीत कसा आलो, ते सांगायला हवं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला माझं सक्तीचं इंग्रजी राहिलं. एकदा नव्हे, दोनदा. बाकीचे विषय निघाले, इंग्रजी दारात आडवं पडून राहिलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकलाही बसलेलं नव्हतं, त्यामुळे एका विषयासाठी सगळंच अडतं हे वडिलांना समजावणं अवघड होतं. शेतमजुरी करून त्यांनी मला शिंदखेड्याला शिकवलं, पुढे कॉलेजला घातलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आप्पा गावी आले तेव्हा वडील त्यांना म्हणाले, याला घेऊन जा, मशीनवर लावा. आप्पांनी मला बरोबर नेलं, पण मशीनवर लावलं नाही. कापड मार्केटमध्ये ताग्यांवर शिक्के मारायचं हलकं काम पाहून दिलं, आणि वडिलांना निरोप पाठवला की एक हिवाळा मला द्या. चैत्रात पोरगं परीक्षेला बसेल. नाही निघालं, तर पावसाळ्यात मीच त्याला मशीनवर उभं करीन.

ते उभं राहणं काय असतं, हे मी रोज पाहत होतो. आमच्या खोलीत जेवढी माणसं त्याच्या निम्म्या खाटा. दिवसपाळीवाला उठला की त्याच खाटेवर रातपाळीवाला पडायचा. माझी आणि सुकदेवची खाट एक. सकाळी मी अंथरुणातून निघायच्या आत तो येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, ऊठ अर्ध्या बीए, माझी बाजू गार करू नको. कारखाने वेगवेगळे, पाळ्या वेगवेगळ्या. आप्पा संध्याकाळी सातला सुटायचे, सुकदेव आठला चढायचा. त्यामुळे दिवसातला एकच तास असा होता की खोलीतली सगळी माणसं जागी, जेवलेली किंवा जेवायला बसलेली, आणि एकमेकांची तोंडं पाहू शकणारी असायची. ते पुस्तक आम्ही त्या तासात वाचलं.

पुस्तक आप्पांनीच आणलं. सुट्टीच्या दिवशी चौक बाजाराच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग होता. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, इंग्रजी दे, जाडं दे. मग एकेक पुस्तक उघडून त्यातली चित्रं पाहिली. एकात मशीनखात्याचा फोटो निघाला. मोठी लांब शेड, मागांच्या रांगा, रांगेत उभी माणसं. आप्पांना वाटलं, हे मागांचं पुस्तक. आपल्या कामाचं आहे, पोराला समजायला सोपं जाईल. कव्हर फाटलेलं, पहिली पानं गेलेली. त्या पुस्तकाचं नाव मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

मी उघडलं तर दुसऱ्याच फोटोत एका दालनाच्या सज्जाला फळांची टोपली ठोकलेली होती आणि खाली मिशाळ माणसं वर बघत उभी होती. बऱ्याच वेळाने उलगडलं की हे अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गिरणगावाचं पुस्तक आहे आणि त्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने बास्केटबॉलच्या खेळातून सांगितला आहे. नदी कुणी अडवली, गिरण्या कुणी बांधल्या, खेड्यांतून पहिल्या मुली कामाला कशा आल्या, मग समुद्र ओलांडून कोणकोणत्या देशांतली माणसं आली, कुठल्या मोहल्ल्यात राहिली, आणि प्रत्येक मोहल्ल्याने आपापली टोपली कुठल्या भिंतीला ठोकली. एका प्रकरणात खेळ पुढे जायचा, दुसऱ्यात शहर. मग कळेनासं व्हायचं की आपण कशाविषयी वाचतोय.

मी बास्केटबॉल तोवर पाहिलेला नव्हता. आमच्या शाळेत कबड्डी, खो-खो आणि एक व्हॉलीबॉल, तोही पंधरा ऑगस्टला बाहेर निघणारा.

मी मनातल्या मनात वाचायला बसलो की आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माले ऐकू नही येत. जोरमा वाच." मी म्हटलं, आप्पा, इंग्रजी आहे, ऐकून काय करणार? त्यांचं म्हणणं, आधी त्यांच्या भाषेत वाच, मग आपल्या भाषेत सांग. सरळ अहिराणीत सांगितलं तर चालणार नाही. का, तर तू मनाचं घुसडतोस की पुस्तकातलं सांगतोस, ते कळायचं कसं?

असा नियम पडला. मी एक वाक्य इंग्रजीत ओरडायचो, मग त्याचं अहिराणी ओरडायचो. माझी जीभ अडखळली की आप्पांना शब्द कळत नसूनही बरोबर कळायचं. माग चालता चालता धागा तुटला की विणकराला नजरेने कळतं, तसं. हात वर करून थांबवायचे. पुन्हा. मी पुन्हा तेच वाक्य घ्यायचो, ते सरळ निघेपर्यंत. एखाद्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात मिळाला नाही तर मी तो गाळून पुढे जायला बघायचो, पण ओरडून वाचलेलं वाक्य गाळता येत नाही. सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

आणि सगळे ऐकायलाच लागले. इतक्या जोराचं वाचन एका खोलीत मावणार कसं? आधी शेजारची खोली दारात आली, मग समोरची. आमची खाणावळ चालवणाऱ्या विमलवहिनी भाकरी थापता थापता थाप हलकी करायच्या. कोपऱ्यावरचे चहावाले नटुभाई संध्याकाळी मला पाहिलं की आज कितवं पान ते विचारायचे, "अल्या मास्तर, आजे केटलामुं पानुं?" मला मास्तर म्हणणारा तो पहिला माणूस. त्यांचा एक ठरलेला विनोद होता, तमारा महाराजे सुरत लूटी, तमे तो रोज लूटो छो. सुकदेव त्यावर कपाचा तळ दाखवायचा, की बघा, एवढीच लूट हाती लागली.

टोपली भिंतीला ठोकायची कल्पना कुणाची, ते आता आठवत नाही. कारखान्यातून बॉबिनची जुनी वेताची टोपली आली, रबरी फुटबॉल आला आणि पाडलेल्या पडवीच्या त्या कोऱ्या भिंतीला काम मिळालं. आम्ही वाचलं होतं तेवढंच आम्हाला माहीत. पुस्तकात टोपलीला बूड होतं आणि चेंडू आत पडला की शिडीवरून चढून एक माणूस तो काढून द्यायचा. म्हणून आमच्याही टोपलीला बूड आणि भिंतीला शिडी. पुस्तकात चेंडू हातात घेऊन पळायचं नव्हतं, उभं राहून दुसऱ्याकडे टाकायचा. म्हणून आम्हीही उभे. दूर कुठे जगभर हा खेळ कसा धावतो आहे, याचा आम्हाला पत्ता नव्हता. आम्ही शंभर वर्षं मागे, ज्या पानावर बोट होतं तिथे खेळत होतो.

शिडीवर आप्पा बसायचे. खाली त्यांना कुणाच्या हाका ऐकू यायच्या नाहीत, वर त्याची गरज नव्हती. चेंडू टोपलीत पडला की ते हात घालून काढायचे, दोन्ही हातांत धरून जरा वेळ बघायचे, जणू नवा विणलेला तागा तपासताहेत, आणि मग खाली सोडायचे. घाई केली की डोळे वटारायचे. एकदा खाली उतरून मला म्हणाले की वरून भुसावळची गाडी जाताना दिसते, पार शेवटच्या डब्यापर्यंत.

सुट्टीच्या दिवशीचा तो खेळ आठवला की मला त्याचा आवाज आठवत नाही, कारण आवाज नसायचाच. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून विणकर डोळ्यांनी, भुवयांनी, हाताच्या बोटांनी बोलतात. तीच सवय मैदानात आली. कुणी कुणाला हाक मारायचं नाही. एक भुवई वर गेली की चेंडू तिकडे. नुसता चेंडूचा थप थप आणि चपलांची फरफर. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची आणि न बोलता बघायची.

भिंतीमागच्या घराच्या छपरावर बसलेली पोरं मात्र बोलायची, आणि नुसती बोलायची नाहीत. टोपली त्यांच्या हाताच्या टप्प्यात होती. आपल्या बाजूचा चेंडू असेल तर आत ढकलायचे, दुसऱ्यांचा असेल तर बाहेर. भांडणं व्हायला लागली. शेवटी सुकदेवने सुताच्या खोक्याची एक मोठी फळी आणून टोपलीच्या मागे उभी ठोकली, पोरांचे हात अडले आणि विषय मिटला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच मी वाचत होतो आणि एका वाक्यापाशी माझा आवाज बसला. आप्पांनी हात वर केला. पुन्हा. मी पुन्हा वाचलं. त्या शहरात सज्जात बसणारे प्रेक्षक हात घालून चेंडू ढकलायचे, म्हणून टोपलीच्या मागे फळी बसवण्यात आली.

विमलवहिनींची भाकरी तव्यावर करपली. मग सुकदेव हळूच म्हणाला, "यानी मायनी, त्यासनीबी पोरे आशीच व्हतीत."

मी आयुष्यात नंतर पुष्कळ वाचलं. शिक्षक झालो, वाचणं हे कामच झालं. पण त्या संध्याकाळी अंगावर आला तसा काटा पुन्हा क्वचितच आला. समुद्रापलीकडची माणसं, मरूनही कितीतरी काळ लोटलेली, त्यांनी ज्या त्रासावर जी फळी ठोकली, ती सुकदेवने न वाचता ठोकली होती. इतिहास म्हणजे झालेली गोष्ट, असं मी परीक्षेत लिहीत आलो होतो. तो आमच्या भिंतीवर खिळे मारत होता.

सुरतेकडे मी त्यानंतर बघायला लागलो. माझ्या शाळेच्या पुस्तकात सुरत एका धड्यापुरती होती, आणि त्या धड्याच्या शेवटी आपण तिथून निघून येतो. पुढे सुरतेचं काय झालं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. आता मी सुट्टीच्या सकाळी एकटा निघायचो. किल्ल्याच्या भिंतीला हात लावून उभा राहायचो. कतारगामच्या रस्त्याला इंग्रज-डचांच्या घुमटांच्या कबरी आहेत, घराएवढ्या उंच. त्या बघून वाटायचं, ही माणसंही कामाधंद्यालाच आली होती, परत जायची राहिली. आणि तापी. आमच्या गावावरून जाते तीच तापी. लहानपणी मला वाटायचं नदी आमच्याकडे येते. ती इथे येत होती. या पाण्यावर एके काळी देशोदेशींची जहाजं नांगर टाकून उभी असायची, आणि आम्ही इतकी वर्षं या शहरात तीनच जागा ओळखत होतो, स्टेशन, कारखाना आणि मार्केट. हे सगळं संध्याकाळी सांगितलं की आप्पा विचारायचे, हे पुस्तकात आहे का? मी सांगायचो, या शहराचं असं पुस्तक अजून माझ्या हाती आलेलं नाही. ते म्हणायचे, मग तू बघून ठेव.

विमलवहिनींनी एके दिवशी विचारलं की त्या गावातल्या बाया खेळायच्या का. योगायोगाने प्रकरण तेच आलं होतं. गिरणीतल्या मुली पायघोळ झगे घालून खेळायच्या, आणि पुरुषांना बघायला बंदी असायची. वहिनींनी एवढंच ऐकलं. पुढच्या सुट्टीला हंडा नळाखाली लावून त्या मैदानाच्या कडेला आल्या, पदर खोचला, पिठाच्या हातांनी चेंडू मागून घेतला आणि जागच्या जागी उभ्या राहून फेकला. सरळ टोपलीत. वरून आप्पांनी तो काढला, नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरला आणि खाली सोडताना कपाळाला लावला. वहिनी म्हणाल्या, एवढं काय, रोज भाकरी फेकते त्या तव्यापेक्षा टोपली मोठी आहे. हंडा भरून वाहायला लागला होता, तो घेऊन गेल्या.

संक्रांत झाली, पतंग तारांना लटकून राहिले. एका सुट्टीला नटुभाईंनी सांगितलं की अठवा लाइन्सकडे एका कॉलेजच्या मैदानावर हा खेळ खेळतात, खराखुरा. आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून गेलो. जाळीच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. आत मुलं चेंडू जमिनीवर आपटत पळत होती, वळत होती, उडी मारून टाकत होती, आणि चेंडू वर्तुळातून जाऊन खाली येत होता. कुणी थांबतच नव्हतं. एवढी घाई आम्ही मशीनलाच पाहिली होती.

मग सुकदेव म्हणाला, "यासनी पुस्तक पुरं वाचेल शे."

यांनी पुस्तक पूर्ण वाचलंय, हे ऐकून हसू आलं, पण आप्पा हसले नाहीत. ते त्या वर्तुळाकडे, त्याखालच्या जाळीकडे पाहत होते. बूड नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "त्यासना शिडीवाला कोठे शे?"

मी म्हटलं, आप्पा, मी अजून तिथवर वाचलेलं नाही. आणि ते खरं होतं.

परतताना गाडीवरून पोंक घेतला. तरुण पोरं घाईला आली होती, आजच टोपलीचं बूड कापू म्हणत होती. सुकदेव त्यांच्यात पुढे. आप्पांना ऐकू गेलं नाही, पण तोंडं पाहून कळलं असावं. पुड्यातले दाणे मोजून खाल्ल्यासारखे एकेक खात ते म्हणाले, "पुस्तकमा येई तव्हय कापू."

त्यांचा शब्द कुणी मोडला नाही. पण त्यानंतर सगळी गल्ली माझ्या मागे लागली. वाच, भो, वाच. सुकदेव मला झोपू देईना. नटुभाई चहा देताना पानाचा आकडा विचारून हळहळायचे. आणि मी वाचायला लागलो, आधी पान, मग दोन पानं, मग शब्दकोश न उघडता अर्धं प्रकरण. मला कळलंही नाही की मी इंग्रजी वाचतोय. मला फक्त एवढं कळत होतं की पुढे कुठेतरी ते वाक्य बसलेलं आहे, आणि मी जितक्या लवकर तिथे पोचेन तितक्या लवकर आप्पांना शिडीवरून उतरावं लागेल. माझी परीक्षा त्या वाटेवर होती आणि त्यांची जागाही. मी एकदा तसं म्हणायचा प्रयत्न केला. आप्पांनी हात वर केला. पुन्हा वाच, अशा अर्थाने.

होळीच्या थोडं आधी ते पान आलं. वाक्य साधंच होतं. आधी लोकांनी टोपलीला भोक पाडून काठीने चेंडू वर ढकलून काढायला सुरुवात केली, आणि मग कुणीतरी बूडच काढून टाकलं. मी ते इंग्रजीत वाचलं, नेहमीच्या जोराने. अहिराणीत सांगताना माझा आवाज खाली आला. आप्पांनी ऐकू आलं नाही म्हणून कानामागे हात धरला, आणि मला ते पुन्हा, सगळ्या गल्लीला जाईल अशा आवाजात सांगावं लागलं.

कुणी बाहेर धावलं नाही. तरुण पोरंही जागची हलली नाहीत. आप्पा उठले, विमलवहिनींकडून विळा मागून घेतला आणि चालायला लागले. आम्ही मागोमाग. खांबावरच्या दिव्याचा उजेड भिंतीवर पडला होता. ते शिडी चढले. वेताच्या काड्या एकेक करून कापल्या, कडेला टोक राहून कुणाचा हात फाटू नये म्हणून बोटाने चाचपून पाहिलं, आणि बूड काढून बगलेत धरलं. मग वरूनच चेंडू मागितला आणि आपल्या हाताने टोपलीत सोडला.

चेंडू आतून सरळ खाली आला, जमिनीवर आपटला आणि माझ्यापाशी आला.

आप्पा वरून बघत होते. म्हणाले, "आते बॉल कोनी वाट पहाव नही."

आता चेंडू कुणाची वाट पाहणार नाही. मला वाटलं, ते दुखावून बोलताहेत. पण वर पाहिलं तर चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. कापड छान उतरलं की मागावरून ते जसे बघायचे तसे बघत होते. सुकदेवची कामाची वेळ होऊन गेली होती, तो पळत सुटला. जाता जाता मला म्हणाला, अर्ध्या बीए, आता तू नापास झालास तर मी तुला खाटेवर घेणार नाही.

उरलेलं पुस्तक आम्ही परीक्षेआधी संपवलं. शेवटी त्या शहरातल्या गिरण्या बंद पडतात, माग मोडीत निघतात, काही जहाजांत घालून दुसऱ्या देशांना विकले जातात, आणि भिंतीवरच्या टोपल्या तेवढ्या राहतात. हे ऐकून आप्पा मला दुसऱ्या दिवशी आपल्या कारखान्यात घेऊन गेले. त्यांच्या मागाच्या बिडाच्या चौकटीवर काही इंग्रजी अक्षरं होती, ती वाच म्हणाले. इतक्या हातांनी ती झिजली होती की एकही लागेना. मी बोट फिरवत राहिलो. त्या आवाजात मी त्यांना काही सांगू शकलो नाही, त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी नुसता चौकटीवर तळहात ठेवला. मीही ठेवला. चौकट थरथरत होती. ती कुठून आली असेल, हे मला अजूनही ठाऊक नाही, पण ज्या गोष्टी ठाऊक नाहीत त्यांच्यापुढे असंही उभं राहता येतं, हे मला तिथे कळलं.

शिडी गेल्यावर आप्पा पंच झाले. बहिरा पंच उत्तम, कुणाची तक्रार त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुस्तक मी गल्लीतच ठेवून आलो. तिथे इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, तरी ते माझ्या पिशवीत घालायला कुणी तयार होईना.

परीक्षेच्या हॉलमध्ये इंग्रजीचा उतारा समोर आला तेव्हा मी तो मोठ्याने वाचायला लागलो. सवयच तशी झाली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं, पर्यवेक्षक धावत आले आणि पुन्हा आवाज आला तर बाहेर काढीन म्हणाले. मी ओठ मिटले. पण आतला आवाज तेवढाच राहिला, आप्पांना ऐकू जाईल एवढा, आणि अडखळलो की कुणीतरी हात वर करत होतं.

त्या उन्हाळ्यानंतर मी आप्पांना जे पत्र लिहिलं, त्याचा कच्चा मजकूर माझ्याकडे राहिला आहे. तो जसा आहे तसा देतो.

"हे पत्र जो वाचून दाखवेल त्याला विनंती. आप्पांना डाव्या कानाने बरं ऐकू येतं. त्या बाजूला बसावं आणि जोराने वाचावं. गल्लीला ऐकू गेलं तरी चालेल.

तीर्थस्वरूप भिकनआप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

निकाल लागला. इंग्रजी निघालं. गुण किती ते सुकदेवला विचारू देऊ नका, निघण्यापुरते आहेत. आता मला अर्धा म्हणता येणार नाही, एवढं त्याला सांगा आणि माझी खाटेची बाजू आता त्याचीच, हेही सांगा. बाबांनी निकाल ऐकला. टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, भिकनला कळव.

आपल्या शाळेत एक शिक्षक रजेवर गेले आहेत. त्यांच्या जागी मला तासांवर घेतलं आहे. पगाराचं नक्की नाही, पण वर्ग आहे आणि मुलं आहेत. मी त्यांना मोठ्याने वाचायला लावतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी तक्रार करतात.

नटुभाईंना आणि विमलवहिनींना नमस्कार सांगा. पुस्तकाला वाळवी लागू देऊ नका.

शाळेच्या व्हरांड्याबाहेरच्या भिंतीला मी टोपली लावली आहे. मुलांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही. हेडमास्तरांनी पाहिला आहे. ते म्हणाले, हिचं बूड कापा, सगळीकडे कापलेलंच असतं. मी म्हटलं, सर, आम्ही अजून त्या पानावर आलेलो नाही. मुलांना मी सगळं पहिल्यापासून सांगतो आहे, आणि जिथवर सांगितलं तिथवरच खेळू देतो.

शिडीवर बसायला सगळीच मुलं धडपडतात. मी कुणाला बसवलेलं नाही. ती जागा भरलेली आहे असं सांगितलं. त्यामुळे सध्या चेंडू टोपलीत गेला की तिथेच राहतो आणि सगळी मुलं मान वर करून बघत उभी राहतात. मला ते बघायला आवडतं, पण खेळ थांबतो.

पोळ्याला गावी याल तेव्हा चार दिवस जास्त काढून या. शिडी भिंतीला लावून ठेवली आहे.

आपला,
बी.ए."